क्लच दाबला की पाय पोकळीत, शेवटी हवा काढून जमलं

यवतेश्वर घाट चढताना लक्षात आलं, क्लच पार मऊ झालाय, अर्ध्यापर्यंत पाय नुसताच आत जातो आणि पहिला गियर टाकताना कर्र. दोन-तीनदा पंप केलं की तेवढ्यापुरता ठीक. साताऱ्यातल्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच क्लच प्लेट बदला म्हणून सांगितलं, पण प्लेट गेली असती तर रेस वाढून गाडीने ओढ सोडली असती, तसं काहीच नव्हतं, म्हणजे क्लचच्या तेलात हवा शिरली असणार, म्हणून म्हटलं आपणच हात घालू.

माझ्या गाडीत ब्रेक आणि क्लचला एकच डबी, आतलं तेल कोऱ्या चहासारखं. झाकणावर लिहिलेलं डॉट ४ ब्रेक तेल आणलं. स्लेव्ह सिलिंडरला (तेलाच्या दाबाने क्लच हलवतो तो भाग) ओल नव्हती, नाहीतर रबर किट बदलावं लागलं असतं. त्याच्यावरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं, बायको पेडलवर. दाबून धर, मी निपल सैल करणार, बुडबुडे आले की घट्ट, मगच सोड. आठव्या वेळी "अजून किती हो?" बारा-तेरा वेळा केल्यावर बुडबुडे थांबले. मध्येच डबीत तेल टाकत राहायचं, रिकामी झाली की परत हवा शिरते, सगळं पहिल्यापासून.

पेडल आता वरच पकडतं. फक्त तेल मडगार्डवर सांडलं आणि तेवढा रंग गेला, पाणी लगेच मारायला पाहिजे होतं.