गरोदर बाई आणि हिवताप: या चुका टाळा

वीस वर्षं गडचिरोलीच्या गावांत गरोदर बाया तपासतेय. एक वाक्य अजून कानावर पडतं: "ही इथलीच पोर, लहानपणापासून हिवताप काढलाय. हिची ताकद बाळालाही मिळेल." हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यानेच घात होतो.

वारंवार हिवताप झालेल्या बाईच्या रक्तात त्याविरुद्धच्या अँटीबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, असतात. त्यातल्या आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडी वारेतून बाळात उतरतात, बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. त्यांच्यात जोर असतो हे १९६१ मध्येच दिसलं. आफ्रिकेतल्या गांबिया देशात मोठ्या माणसांच्या रक्तातल्या अँटीबॉडी आजारी मुलांना टोचल्या, तर मुलांच्या रक्तातले जंतू झपाट्याने घटले.

पण त्या भरवशावर तपासणी टाळू नका. मी टाळली होती. नोकरी नवी होती. एक पहिलटकरीण आठव्या महिन्यात आली. ताप नाही, नुसता थकवा, डोळे पांढरे. मी लोहाच्या गोळ्या दिल्या, हिवताप तपासायचं किट उघडलंच नाही. महिन्याभराने बाळ झालं, एक किलो नऊशे. आईच्या रक्तात फाल्सिपेरम, हिवतापाचा सगळ्यात घातक जंतू, निघाला. जुनी ताकद ताप दाबते, जंतू संपवत नाही. शिवाय वारेत चिकटून बसणाऱ्या जंतूंशी लढणाऱ्या अँटीबॉडी गरोदरपणात लागण झाल्यावरच तयार होतात, म्हणून पहिलटकरीण जास्त उघडी पडते. आणि जंतू वारेत बसले की बाळाकडे जाणाऱ्या अँटीबॉडीही कमी होऊ शकतात.

तेव्हापासून ताप असो नसो, मी प्रत्येक भेटीत बोट टोचते. किट निगेटिव्ह आलं आणि बाई पांढरी दिसली, तर सूक्ष्मदर्शकाखाली बघायला रक्ताची स्लाइडही पाठवते. वारेत दडलेला जंतू बोटाच्या थेंबात सापडेलच असं नाही. कामावर नव्या आलेल्या मुलींना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला त्यांची ही घाई सहन होत नाही.

हिवताप नसलेल्या भागातून आलेल्या सुनेला ही ताकद नसतेच, मग तिचं तिसरं बाळंतपण का असेना.

बरं वाटलं म्हणून हिवतापाच्या गोळ्या मध्येच सोडू देऊ नका. मी रिकामं पाकीट बघूनच घरातून उठते.

प्रायमाक्विन हे हिवतापाचं औषध गरोदर बाईला कधीच नाही.

"तान्ह्याला हिवताप होत नाही" म्हणून ताप अंगावर काढणं, हीसुद्धा मोठी चूक. आईच्या अँटीबॉडी महिन्यागणिक विरतात, सहा महिन्यांपर्यंत थोड्याच उरतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्याला तर मुळातच कमी मिळतात. अशा बाळांच्या नावापुढे माझ्या वहीत लाल खूण असते. ताप आला की त्याच दिवशी टाच टोचायची.