लिंकनच्या टेबलावरचे पहिले सात आठवडे: वर्गात हा तास घ्यायचा तर काय काय तयारी लागते

नववीला मी गेली तीन वर्षं अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या सुरुवातीवर एक तास घेते. तास म्हणजे खरं तर जोडतास, कारण पंचेचाळीस मिनिटांत हे बसतच नाही. शाळेतल्या दोघीतिघींनी विचारलं की आम्हालाही करायचंय, काय काय गोळा करून ठेवू, म्हणून एकदाचं लिहून काढतेय. विषय एवढाच आहे की देश फुटतोय आणि तो ज्याच्या हातात कालच आलाय त्या माणसाने, म्हणजे नवा अध्यक्ष अब्राहम लिंकन याने, सकाळी उठून आधी कुठला कागद उघडायचा.

सगळ्यात पहिली तयारी म्हणजे पुढचं लपवा. पहिल्या वर्षी मी अख्खी गोष्ट सांगितली, सम्टर किल्ला, गेटिसबर्गची लढाई, गुलामांची मुक्तता, लिंकनचा खून, सगळं, आणि मग विचारलं की तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं. सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितलं की गुलामगिरी बंद केली असती आणि युद्ध जिंकलं असतं. झालं, संपला तास. त्यांना शेवट माहीत होता ना, मग अवघड काय राहिलं? आता मी ५ मार्च १८६१ ते २५ एप्रिल १८६१ एवढंच घेते, आणि प्रत्येक कागद त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढ्यावरच थांबवते. कोणी घरून मोबाईलवर बघून येतंच, येऊ दे, पण वर्गात बोलायचं नाही हे आदल्या दिवशी कबूल करून घ्या.

मग एक पान मागच्या गोष्टीचं, हे तासाच्या आधी वाटायचं. त्यात निवडणूक घ्या, ६ नोव्हेंबर १८६०, चार उमेदवार, लिंकनला जवळपास ४० टक्के मतं आणि दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्याच्या नावाची मतपत्रिकासुद्धा नाही. निवडून आला नोव्हेंबरात, शपथ ४ मार्चला, मधले चार महिने आधीचा अध्यक्ष बुकॅनन खुर्चीत, आणि त्याचं म्हणणं असं की राज्यांना फुटायचा हक्क नाही पण जबरदस्तीने अडवायचा हक्क सरकारलाही नाही. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना बाहेर पडलं, १ फेब्रुवारीपर्यंत सात राज्यं गेली, १८ फेब्रुवारीला जेफरसन डेव्हिसने फुटलेल्या राज्यांचा अध्यक्ष म्हणून माँटगोमेरीत शपथ घेतली पण. म्हणजे लिंकन वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष व्हायच्या आधीच समोर दुसरा अध्यक्ष बसलेला.

आणि का फुटली हे त्याच पानावर स्वच्छ लिहा. कर, राज्यांचे अधिकार वगैरे गोल गोल लिहिलेलं खूप सापडतं, पण साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीने बाहेर पडताना जी कारणं स्वतः लिहून दिली त्यात गुलामगिरीच आहे. जवळजवळ ४० लाख माणसं तेव्हा मालकीची वस्तू म्हणून मोजली जात होती. हा आकडा मी मोठ्या अक्षरात लिहून फळ्याच्या बाजूला चिकटवते आणि पूर्ण वेळ तिथेच ठेवते, त्याचं कारण पुढे सांगते.

नकाशा विकत आणू नका, जमिनीवर खडूने काढा, मुलांना आत उभं राहता आलं पाहिजे. वॉशिंग्टन कुठे आहे हे बघितल्याशिवाय काहीच कळत नाही. तीन बाजूंना मेरीलँड आणि पोटोमॅक नदीपलीकडे व्हर्जिनिया, दोन्ही गुलामगिरीची राज्यं, दोन्ही मार्चमध्ये अजून आत होती पण काठावर. उत्तरेकडून सैन्य यायचं तर रेल्वे बाल्टिमोरवरून, आणि बाल्टिमोरमध्ये गाडी सरळ पुढे जायची नाही, डबे घोड्यांना जुंपून गावातल्या रस्त्यावरून दुसऱ्या स्टेशनला न्यायचे. यासाठी रेल्वे म्हणून मुलांच्या हातात धरायला एक लांब सुतळी आणा, दोन स्टेशनांच्या मधला रस्ता रंगीत खडूने वेगळा दाखवा, तिथे थोड्या वेळाने दंगल होणार आहे.

आता डब्याचं. एक स्टीलचा डबा, त्यात सहा वाट्या तांदूळ मोजून, आणि तो लिंकनच्या टेबलावर, दुसरीकडे कुठे नाही. लिंकनच्या कामाच्या पहिल्याच दिवशी समोर आलेला निरोप म्हणजे चार्ल्सटनच्या बंदरात सम्टर किल्ल्यावर अडकलेल्या मेजर अँडरसनचा, की आमच्याकडे साधारण सहा आठवडे पुरेल एवढंच अन्न आहे आणि कुमक पाठवायची तर वीस हजार माणसं लागतील. किल्ल्यात सैनिक ऐंशीच्या आसपास. दर दहा मिनिटांनी एका मुलाने उठून न बोलता एक वाटी तांदूळ काढून न्यायचा, चर्चा चालू असली तरी, लिंकन काही बोलत असला तरी. आमच्या वर्गात तिसरी वाटी उचलली तेव्हा ‘सर्वांचं मत लेखी घेऊ’ म्हणणारा मुलगा वाक्य अर्धं सोडून डब्याकडेच बघत राहिला. मी तारखांचा तक्ता कितीही रंगवून केला असता तरी हे झालं नसतं.

भूमिका वाटताना हुशार मुलाला लिंकन देऊ नका, जो आधी ऐकून घेतो त्याला द्या. परराष्ट्रमंत्री सीवर्डला मात्र बोलका पाहिजे, कारण त्याला वाटत होतं की खरं राज्य आपणच चालवणार, १ एप्रिलला त्याने लिंकनला लेखी सुचवलं पण की धोरण कोणीतरी एकाने हातात घ्यावं, आणि लिंकनचं उत्तर असं की करायचं असेल तर ते मलाच करावं लागेल. शिवाय बाकीचे मंत्री, चेस, कॅमेरॉन, वेल्स, बेट्स, स्मिथ, ब्लेअर. सरसेनापती जनरल स्कॉटला खुर्चीवरच बसवा, वय ७४, घोड्यावर बसणं जमत नव्हतं, आणि एवढा मोठा लढवय्या सांगतोय की किल्ला सोडून द्या. १५ मार्चला लिंकनने मंत्र्यांना लेखी मत विचारलं तेव्हा ठामपणे ‘रसद पाठवा’ म्हणणारा एकटा ब्लेअर, चेस अटी घालून हो म्हणाला, बाकीचे नको. २८ मार्चच्या रात्री लिंकन झोपला नाही, २९ ला परत विचारलं तर बरीच मतं फिरलेली. दोन्ही तारखांच्या चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात ठेवा, नाहीतर गोंधळ होतो.

चार मुलं दाराबाहेर उभी करा. हे नोकरी मागणारे. पक्ष पहिल्यांदाच सत्तेत आलेला, त्यामुळे पोस्टमास्तर करा, जकातीचा कलेक्टर करा म्हणून जिन्यापर्यंत माणसांची रांग, आणि लिंकन तासन्‌तास त्यांनाच भेटत होता. मुलांना सांगायचं, दर दोन मिनिटांनी दार वाजवा. युद्ध सुरू होण्याच्या तोंडावर माणसाचं निम्मं लक्ष कोणाचा मेहुणा कुठे चिकटवायचा यात जात होतं हे ऐकून मुलांना आधी विश्वास बसत नाही, दार दहाव्यांदा वाजलं की बसतो. याच गडबडीत एक युद्धनौका सम्टरच्या मोहिमेला नेमलेली होती ती दुसऱ्याच किल्ल्याकडे गेली, कारण सीवर्डने पुढे केलेल्या कागदांवर लिंकनने नीट न वाचता सही केली. हे मुलांना जरूर सांगा, मोठी माणसंही दमतात.

निर्णयाच्या क्षणी घाई करू नका. किल्ला सोडला तर बंडखोरांचं राज्य मान्य केल्यासारखं, तोफा घेऊन घुसलं तर पहिली गोळी आपली आणि काठावरची राज्यं गेली. लिंकनने काय केलं हे मुलं बोलून झाल्यावरच उघडा. ६ एप्रिलला त्याने साउथ कॅरोलायनाच्या गव्हर्नरला निरोप धाडला की आम्ही फक्त अन्न पाठवतोय, विरोध केला नाही तर माणसं किंवा दारूगोळा आगाऊ कळवल्याशिवाय आत टाकणार नाही. म्हणजे आता ठरवायचं समोरच्याने. उपाशी माणसांच्या जेवणावर तोफ डागायची का? १२ एप्रिलला पहाटे साडेचारला त्यांनी डागली.

तोफा डागणारा दक्षिणेचा सेनापती बोरगार्ड हा अँडरसनचाच वेस्ट पॉइंट या लष्करी शाळेतला विद्यार्थी, तोफखान्याचं शिक्षण त्याच्याकडेच घेतलेला. इथे काही शिकवावं लागत नाही, मागच्या बाकावरून आवाज येतोच, द्रोणाचार्य आणि अर्जुन. ‘यादवी’ हा शब्द कुठून आला ते मी इथेच सांगते, प्रभासला आपापसात मारून संपलेले यादव, म्हणजे पाठ्यपुस्तकातला तो शब्द नुसता शब्द राहत नाही.

दुसऱ्या तासाला वेग वाढवा, चिठ्ठ्या एकामागून एक टेबलावर पडल्या पाहिजेत, वाचायला वेळच नको. सगळं मिळून सैन्य सोळा हजारांच्या आसपास आणि त्यातलं बरंचसं दूर पश्चिमेच्या सरहद्दीवर. १५ एप्रिलला ७५,००० माणसांची हाक, पण जुन्या कायद्यामुळे फक्त तीन महिन्यांसाठी. ती हाक गेली आणि १७ ला व्हर्जिनियाने बाहेर पडायचं ठरवलं, २० ला रॉबर्ट ली याने राजीनामा दिला, ज्याला दोनच दिवस आधी उत्तरेच्या सैन्याचं नेतृत्व देऊ केलं होतं. १९ ला बाल्टिमोरच्या त्या रंगीत खडूच्या रस्त्यावर जमाव मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीवर तुटून पडला, चार सैनिक आणि बारा नागरिक गेले, मग रेल्वेचे पूल जाळले, तारा तोडल्या. इथे वर्गातले दिवे आणि पंखे बंद करते मी आणि लिंकनला एकट्याला खिडकीशी उभं करते. खरंच तसंच झालं होतं, राजधानीला कुठून बातमीच येईना आणि तो खिडकीतून बघत विचारायचा की ते येत का नाहीत. २५ एप्रिलला न्यूयॉर्कची सातवी पलटण अ‍ॅनापोलिसच्या वाटेने पोचली, तोपर्यंत सुतळी धरलेल्या मुलांनी जागेवरून हलायचं नाही.

एक चिठ्ठी मी हल्ली शेवटी ठेवते, कारण ती उघडली की बाकी सगळं बाजूला राहतं. २७ एप्रिलची. म्हणजे माझ्याच मुदतीच्या दोन दिवस पुढची, पण राहवत नाही. पकडलेल्या माणसाला कोर्टापुढे उभं करायचा जो हक्क, हेबियस कॉर्पस, तो फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन रेल्वेमार्गाच्या पट्ट्यात लागेल तिथे बाजूला ठेवायची परवानगी लिंकनने सैन्याला दिली, तीही काँग्रेसला न विचारता, कारण काँग्रेस भरणार होती ४ जुलैला. पुढे सरन्यायाधीश टेनी यांनी अध्यक्षाला हा अधिकारच नाही असा निकाल दिला. मागच्या वर्षी मुलं म्हणाली बरोबर केलं, राजधानी वाचवायची होती, आणि एक मुलगी उभी राहिली, म्हणाली, बाई, मग उद्या दुसरा कोणी येऊन हेच कारण सांगेल तेव्हा? मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका, तयारीत हेही धरा.

तिनेच आधी विचारलं होतं की एवढ्या बैठका झाल्या, त्या ४० लाखांना कोणी विचारलं का. नव्हतंच विचारलं. लिंकनने शपथेच्या भाषणात सांगितलं होतं की गुलामगिरी जिथे आहे तिथे मी हात लावणार नाही, आणि काठावरची राज्यं जाऊ नयेत म्हणून बरेच महिने तसंच चाललं. तेव्हापासून तो आकडा भिंतीवर असतो. विचारणाऱ्याला तास संपल्यावर सांगते की मे महिन्यात तीन गुलाम माणसं रात्री होडीतून पाणी पार करून उत्तरेच्या ताब्यातल्या मन्रो किल्ल्यावर स्वतः जाऊन उभी राहिली, आणि तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना परत द्यायचं नाकारलं. आणि आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झिजलेल्या लोकांना, हे तर सांगाच सांगा, पुण्यातून ते हे सगळं बघत होते.

जमलं तर कापसाचं एक बोंड आणा. १९ एप्रिलला लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, अमेरिकेचा कापूस अडला, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला मुंबईत असा भाव आला की शहर शेअरच्या नादाने वेडं झालं, १८६५ ला युद्ध संपलं तसं सगळं कोसळलं. शेतकऱ्यांच्या घरातली मुलं हे बोंड हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसतात.

बाकी किरकोळ, म्हणजे खडू दोन रंगांचे, पाकिटं बारा, दार वाजवणाऱ्यांना घड्याळ, शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधी सांगून ठेवणं की आवाज होईल. आणि तांदूळ स्वच्छ ताटलीवरच काढा, खाली सांडू देऊ नका, तास झाला की तो पोषण आहाराच्या मावशींकडे परत द्यायचा असतो.