ऐंशीच्या पुढं गाडी थरथरते? या चुका टाळा

पावसाळा ओसरला की आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात एकच तक्रार घेऊन गाड्या येतात. "गावात काही नाही, पण हायवेला ८०-९० च्या पुढं गेलं की स्टेअरिंग थरथरतंय." दुखणं बहुतेक वेळा साधं असतं. वाईट याचं वाटतं, की माझ्यापर्यंत येईतो मालकानं कुठंतरी पाच-सात हजार घातलेले असतात आणि थरथर तशीच असते.

थरथर आली की अलाइनमेंट मागणं

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो. हायवेच्या थरथरीला आधी बघायचं ते बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. १८५/६५ आर १५ मापाचा टायर १०० च्या वेगाला सेकंदाला साधारण १४ फेऱ्या मारतो. रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असला, तर त्या वेगाला चाकाला साडेचार किलोच्या आसपास ओढ बसते, आणि फेरी होईल तशी तिची दिशा फिरत राहते. ५० च्या वेगाला तीच ओढ एक किलोच्या थोडी वर. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. म्हणून रंकाळ्याला चक्कर मारताना कळत नाही आणि हायवेनं किणी टोल नाक्याकडं निघालं की हाताला मुंग्या येतात.

चिखलासकट बॅलन्सिंग करणं

ही चूक बघून मला खरंच राग येतो. दिवाळीच्या आधी कसबा बावड्याच्या एका शेतकऱ्याची गाडी आली. महिन्यातून एकदा लेकीकडं पुण्याला जाणारा माणूस. म्हणाला, "मिस्त्री, दोनदा बॅलन्सिंग झालं, टाय रॉड एंड बदलले, लोअर आर्म बदलले. आता इंजिनचं माउंटिंग गेलंय म्हणत्यात. तुम्हीच काय ते बघा."

गाडी वर घेतली, पुढचं डावं चाक काढलं आणि उलटं करून ठेवलं. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या मातीचा बोटभर थर, सुकून सिमेंटसारखा घट्ट. त्यात उसाचं पाचट अडकलेलं. आणि त्याच्या बरोबर समोर नवीकोरी वजनं, ५-५ ग्रॅमचे अकरा तुकडे ओळीनं चिकटवलेले. काय झालं होतं ते तिथंच कळलं. मशीननं मातीचं वजन धरून हिशेब केला. मशीनला माती काय आणि लोखंड काय, सारखंच. पुढं खड्ड्यात आदळून थोडी माती गळाली आणि चिकटवलेली वजनंच दोष होऊन बसली. म्हणून दुसऱ्या बॅलन्सिंगनंतर दोन दिवस बरं वाटलं आणि परत सुरू झालं.

माती भिजवली, लाकडी पट्टीनं खरवडली, चाक धुऊन कोरडं केलं, जुनी वजनं सगळी काढली. मग मशीनवर लावलं तर बाहेरून १० आणि आतून ५ ग्रॅम एवढंच लागलं. कागलपर्यंत जाऊन आलो, १०० ला स्टेअरिंग शांत. काढलेले जुने लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारे दांडे, त्यांनी डिकीत ठेवले होते. मी हलवून बघितले, बॉल जॉइंटमध्ये जराही ढिलाई नव्हती.

तेव्हा चाक आतून धुतल्याशिवाय मशीनवर चढवू देऊ नका. वॉशिंगवाला बाहेरून पाणी मारतो, ते आतल्या कडेपर्यंत पोचतच नाही. शिकाऊ पोरांना चाक धुवायला सांगितलं की तोंडं वाकडी होतात, त्यांना लगेच स्पॅनर हातात पाहिजे असतो. माझ्याकडं पहिले काही महिने ब्रशच हातात राहतो.

कधी थरथरते ते न बघता पार्ट बदलणं

पान्याला हात लावायच्या आधी मी मालकाला शेजारी बसवून गाडी फिरवून आणतो. स्टेअरिंग थरथरलं तर संशय पुढच्या चाकांवर, सीट आणि पाठ थरथरली तर मागच्या. फक्त ब्रेक मारताना आलं तर ब्रेकची डिस्क. फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबून ओढताना आलं आणि पाय उचलला की थांबलं, तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट बघायचा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करून बघा: वेग तोच असताना थरथर राहिली तर ती चाकांची, इंजिनचा आवाज उतरताच गेली तर इंजिनकडची. हे करताना किल्ली बंद करायची नाही, ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही जड होतात.

पुढची चाकं मागं आणि मागची पुढं लावून बघणं ही माझी जुनी सवय. थरथर हातातून सीटमध्ये गेली की दोष चाकात किंवा टायरमध्येच आहे. याला एक रुपया लागत नाही, तरी कुणी करत नाही, कारण चार चाकं खोलायचा कंटाळा.

मशीनवर शून्य आलं म्हणजे काम झालं असं समजणं

मशीनवर चाक शंकूनं मधोमध बसतं. गाडीवर ते हबवर, म्हणजे चाक जिच्यावर आवळतात त्या फिरत्या चकतीवर बसतं. हबच्या तोंडावर गंज किंवा खडीचा कण राहिला तर शून्य आलेलं चाकही वाकडं फिरतं. तारेचा ब्रश मारून हब साफ करायला दोन मिनिटं पुरतात. बाहेरून घेतलेल्या अलॉय व्हीलमध्ये मधलं भोक हबपेक्षा मोठं असतं बऱ्याचदा, त्याला मापाची रिंग टाका. दिसण्यासाठी हजारो रुपये घालायचे आणि रिंगला नाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. नट गोलाकार एकामागून एक आवळू नका, समोरासमोरचे आवळा, शेवटचा ताण नट आवळायच्या गनवर न सोडता टॉर्क रेंचनं, म्हणजे ताण मोजून आवळणाऱ्या पान्यानं द्या आणि ५०-१०० किलोमीटरनंतर परत तपासा. टायरमध्ये पंक्चरचं जेल ओतलं असेल तर आधी सांगा, ते एका जागी साचतं आणि बॅलन्सिंग टिकत नाही. महिनाभर उभ्या गाडीच्या टायरला सपाटी येते, १०-१५ किलोमीटर चालवून मग तक्रार करा. हवा थंड टायरमध्येच मोजा.

आणि टायरच्या बाजूला फुगा आला असेल किंवा नक्षीचा एखादा भाग उचलल्यासारखा दिसत असेल, तर बॅलन्सिंगला येऊच नका. आतले धागे किंवा पट्टे सुटलेत. जिथं आहात तिथं स्टेपनी लावा आणि सावकाश टायरच्या दुकानात जा.