वसाहतीतील मोकळ्या भूखंडावर उद्यान कसे आखावे

ठाणे किंवा नवी मुंबईत उद्यानासाठी राखून ठेवलेला भूखंड विकसित करण्याची वेळ आली, की चर्चा बहुधा कारंजे, ओपन जिम आणि प्रवेशद्वाराची कमान यांपासूनच सुरू होते. रहिवाशांच्या समितीने किंवा या कामात नव्याने उतरलेल्या वास्तुविशारदाने याच्या उलट क्रमाने जावे, असे मी सुचवीन. पावसाचे पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे आधी ठरवावे, मग उभ्या झाडांची जागा निश्चित करावी, त्यानंतर माणसांनी कोठून चालावे व कोठे बसावे हे पाहावे आणि उरलेल्या जागेत वस्तू मांडाव्यात. हा क्रम येथील भूगोलानेच घालून दिला आहे. ठाण्यात येऊरचा डोंगर व खाडी आणि नवी मुंबईत पारसिकची रांग व खाडी यांच्यामधल्या पट्ट्यात बहुतेक वस्ती आहे. वर्षाचा सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि याच पट्ट्यातून वाट काढत खाडीला मिळतो.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले, तरी ते आधी उरकावे. भूखंड महापालिकेच्या ताब्यात आहे, सिडकोकडून अद्याप हस्तांतरित व्हायचा आहे, की गृहसंकुलाच्या मंजूर नकाशातील मनोरंजनाची मोकळी जागा आहे, यावर परवानगी कोणाकडे मागायची आणि देखभाल कोणी करायची हे अवलंबून असते. राज्यात २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या रेखांकनात १० टक्के जागा अशी मोकळी ठेवावी लागते. खाडीलगत कांदळवन असेल, तर त्याच्या भोवतीचा ५० मीटरचा संरक्षित पट्टा नकाशावर आखून घ्यावा आणि तेथे भराव किंवा बांधकाम सुचवूच नये. नवी मुंबईत अनेक मोकळ्या जागांवरून उच्चदाबाच्या वीजवाहिन्या जातात. त्यांच्याखाली मोठी झाडे लावण्याचा विचार सोडून झुडपे आणि गवतच धरावे.

यानंतरचा प्रश्न असा, की भूखंड डोंगराकडचा आहे की खाडीकडचा? डोंगराकडच्या भूखंडावर पाणी वेगाने येते, सोबत माती आणि दगडगोटे आणते आणि तितक्याच वेगाने निघून जाते. तेथे पाण्याचा वेग मोडणे हे मुख्य काम असते. खाडीकडच्या भूखंडावर पाणी साचून राहते. नवी मुंबईचा बराच सखल भाग भराव टाकून वसवला असल्याने तेथे सिडकोने धारण तलाव बांधले आणि त्यांच्या तोंडाशी झडपा बसवल्या. भरतीच्या वेळी झडपा बंद होतात आणि ओहोटी लागेपर्यंत शहराचे पाणी तलावात थांबते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर आपल्या उद्यानातील पाण्यालाही थांबावे लागते, हे गृहीत धरूनच आराखडा करावा.

पाण्याचा हिशेब अवघड नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक एकराचा, म्हणजे सुमारे ४०५० चौरस मीटरचा भूखंड असेल आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर पाणी त्यावर पडते. जागा पेव्हर ब्लॉकने मढवली, तर त्यातले बहुतेक पाणी रस्त्यावरच्या गटाराकडे धावते. माती मोकळी ठेवली, तर सुरुवातीच्या पावसात बरेचसे मुरते. परंतु जुलैच्या मध्यापर्यंत माती तुडुंब झालेली असते आणि हिरवळीवरूनही पाणी वाहू लागते. त्यामुळे ‘सगळे पाणी जमिनीत मुरवू’ असे आश्वासन देणाऱ्या आराखड्यात जादा पाण्याला बाहेर पडण्याची वाट दाखवली आहे का, हे तपासून पाहावे.

जमिनीचे चढउतार मोजण्यासाठी शक्य असेल तेथे सर्वेक्षकाकडून पातळ्या घ्याव्यात. ते जमत नसेल, तर गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. नळीचे एक टोक बाहेरच्या गटाराच्या चेंबरच्या झाकणावर धरावे, दुसरे दर पाच मीटरवर ठोकलेल्या खुंटीपाशी न्यावे आणि नळीतील पाणी स्थिर झाले की ती पातळी खुंटीवर खडूने नोंदवावी. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर सगळे माप चुकते, म्हणून मोजण्याआधी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी समपातळीत येते की नाही ते बघावे. या खुणांवरून उतार कोठून कोठे आहे हे कळते आणि मुख्य म्हणजे उद्यानाचा सर्वांत खालचा कोपरा चेंबरच्या वर आहे की खाली, हे समजते. तो खाली निघाला, तर कितीही गटारे बांधली तरी तो कोपरा तुंबणारच. तेथे बाक किंवा घसरगुंडी न मांडता पाणी थांबवणारा उथळ खळगा करावा.

असा खळगा १५ ते २० सेंटीमीटर खोल पुरतो आणि इमारतीच्या पायापासून तो निदान तीन मीटर दूर असावा. त्याआधी माती पाणी किती शोषते हे पाहण्यासाठी हाताएवढा खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, ते मुरू द्यावे, पुन्हा भरावा आणि पातळी तासाला किती उतरते हे पट्टीने मोजावे. ती तासाला एक सेंटीमीटरही उतरत नसेल, तर खाली चिकणमाती किंवा खाडीचा गाळ आहे असे समजून तळाला खडी आणि सच्छिद्र पाईप टाकावा. डासांच्या अळीपासून डास होण्यास साधारण आठवडा लागतो. म्हणून पाऊस थांबल्यावर खळगा दोन दिवसांत कोरडा झाला पाहिजे, हीच त्याची परीक्षा. त्यात वाळा आणि कर्दळ चांगली तग धरतात, तर काठावर कदंब, अर्जुन किंवा आपले राज्यपुष्प असलेले ताम्हण लावता येते. खाडीकाठी भूजल वर आणि खारे असते. तेथे खळगा खणण्यापेक्षा मातीचे उंचवटे करून त्यांवर लागवड करणे शहाणपणाचे ठरते. दोन-तीन पावसाळ्यांत त्या उंचवट्यांतील क्षार धुऊन जातात. मातीच्या तपासणीत विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक आली, तर ती जमीन क्षारयुक्त धरून भेंड, उंडी, करंज अशी क्षार सोसणारी झाडे निवडावीत.

उभ्या झाडांबाबत एक गोष्ट ठेकेदाराला कामाआधीच लेखी सांगितली पाहिजे. भूखंड सपाट करण्याच्या नादात बुंध्याभोवती वीतभर मुरूम टाकला जातो. त्यामुळे झाड लगेच मरत नाही, परंतु मुळांना हवा मिळेनाशी होते, साल कुजते आणि दोन-चार वर्षांनी शेंडा वाळू लागतो, तेव्हा दोष पावसाला किंवा किडीला दिला जातो. बुंधा जमिनीला मिळतो तेथे निरोगी झाड थोडे पसरट दिसते. ते खांबासारखे सरळ जमिनीत घुसलेले दिसले, तर भराव काढून टाकावा. बुंध्याभोवती निदान एक मीटर आळे मोकळे ठेवावे आणि पार बांधायचाच असेल, तर तो मातीने न भरता आतून पोकळ ठेवावा. झाड तोडणे, हलवणे किंवा त्याची मोठी छाटणी करणे यांसाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे.

नवी लागवड निवडताना गुलमोहर आणि पेल्टोफोरम यांचा मोह आवरावा. दोन्ही झपाट्याने वाढतात हे खरे, परंतु वादळी पावसात त्यांच्या फांद्या लवकर मोडतात. बहावा, बकुळ, करंज आणि जांभूळ सावकाश वाढत असली तरी भरवशाची आहेत. मात्र जांभळाखाली पायवाट नेऊ नये, कारण फळे पडण्याच्या दिवसांत ती निसरडी होते. सातवीण देशी असली, तरी तिच्या फुलांचा रात्रीचा उग्र दरवळ अनेकांना सोसत नाही. ती खिडक्यांपासून लांब असावी. वड आणि पिंपळ यांना मोठ्या उद्यानाचा मध्यभागच द्यावा, कुंपणाची भिंत नव्हे.

पायवाटा आखण्यापूर्वी भूखंडावर लोकांनी आधीच पाडलेल्या वाटा पाहाव्यात. स्थानकाकडे घाईने जाणारा नोकरदार आणि घरकामासाठी तीन इमारती गाठणाऱ्या मावशी वळणे घेत चालत नाहीत. त्यांची वाट सरळ ठेवली नाही, तर ती झुडपे तुडवून होते. फेऱ्या मारण्याची मुख्य वाट निदान अडीच मीटर रुंद असावी, म्हणजे गप्पा मारत चाललेल्या दोन जोड्यांना शेजारून जाता येते. वाटेचा उतार २० मीटरला एक मीटर याहून कमी असावा. रॅम्प करावाच लागला, तर तो १२ ला १ पेक्षा तीव्र नको. दुचाकी अडवण्यासाठी बसवलेली फिरती कवाडे व्हीलचेअरलाही अडवतात, याचा विचार फार थोड्या समित्या करतात. झाडाखालच्या गुळगुळीत फरशीवर जुलैमध्ये शेवाळ धरते, म्हणून तेथे झाडू फिरवून खरखरीत केलेले काँक्रीट बरे.

बाकाची बैठक ४५ सेंटीमीटर उंच असावी. त्याला पाठ आणि हात दोन्ही असावेत, कारण वयस्कर माणसाला उठताना हातांचा आधार लागतो. उद्यानात गर्दी संध्याकाळी होते आणि मे महिन्यात चार-पाच वाजता ऊन पश्चिमेकडून तिरपे येते, म्हणून सावलीचे झाड बाकाच्या पश्चिमेला हवे. खेळणी कोणती घ्यावीत हे उत्पादक सांगतीलच. आपण त्यांच्याखाली काँक्रीट नसून निदान वीतभर वाळू आहे एवढे पाहावे. दिवे तीन-चार मीटर उंचीचे, पिवळसर आणि खाली तोंड केलेले असावेत. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ ठरले. त्याच्या आसपासच्या उद्यानांत झाडांवर वर रोखलेले रंगीत झोत लावण्याचे काही कारण नाही.

कामाचे वेळापत्रक पावसाभोवती बांधावे. मातीकाम, पाईप आणि पायवाटांचा पाया मेच्या मध्यापर्यंत पूर्ण व्हावा आणि लागवड दोन-तीन चांगल्या सरी झाल्यावर, जूनच्या अखेरीस सुरू करावी. रोप सरळ वाढावे म्हणून बांबूचा आधार द्यावा, पण त्याची दोरी दर पावसाळ्यानंतर सैल करावी, अन्यथा ती सालीत रुतते. निविदेत निदान तीन उन्हाळ्यांचे पाणी, पूर्णवेळ माळ्याचे वेतन आणि जगली नाहीत त्या रोपांच्या जागी नवी लावण्याची अट ही कलमे स्वतंत्र दराने लिहावीत. ती ‘इतर कामे’ या सदरात गेली, तर खर्चाला कात्री लावताना सर्वांत आधी तीच वगळली जातात.