अडीच दिवसांत प्राग: वार, वेळ आणि उतार

शुक्रवारी रात्री पोचायचं आणि रविवारी संध्याकाळी निघायचं, हा प्रागसाठी सगळ्यांना सुचणारा बेत आहे आणि नेमका तोच गैरसोयीचा आहे. योसेफोव्ह या जुन्या ज्यू वस्तीतली संग्रहालयं आणि सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळं, शनिवारी बंद असतात. प्रागच्या गडावरचं सेंट व्हायटस कथीड्रल रविवारी दुपारी १२ नंतरच पर्यटकांसाठी उघडतं. त्यामुळे आधी वार ठरवा, मग तिकीट काढा. मंगळवार ते गुरुवार किंवा बुधवार ते शुक्रवार सगळ्यात सोयीचे. मध्य युरोपची फेरी करत असाल तर शनिवार-रविवार व्हिएन्नाला द्या. तिथून प्रागला थेट रेल्वेने सुमारे चार तास लागतात.

महिना एप्रिल-मे किंवा सप्टेंबर धरावा. डिसेंबरचे नाताळ बाजार सुंदर असतात, पण सूर्य दुपारी चारच्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबर ते मार्च गडावरच्या इमारतीही चारलाच बंद होतात. म्हणजे हिवाळ्यात अडीच दिवसांचा खरा उजेड दीडच दिवसाचा.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच. अनेक देश करणार असाल तर ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. आखाती देशांतून आलात तर इमिग्रेशन प्रागलाच होतं, पण फ्रँकफर्ट किंवा व्हिएन्नाला विमान बदलत असाल तर ते तिथेच उरकावं लागतं. २०२५ च्या ऑक्टोबरपासून शिक्क्याऐवजी संगणकीय नोंदीची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे आणि तिथल्या रांगा लांबू शकतात. दोन विमानांमध्ये दोन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका.

पैसे: इथेच जास्त फसगत होते

प्राग ज्याची राजधानी तो झेकिया (चेक प्रजासत्ताक) युरोपीय संघात असला तरी चलन युरो नाही, कोरुना आहे. एक कोरुना म्हणजे साधारण चार रुपये. काही दुकानं युरो घेतात, पण दर त्यांच्या सोयीचा लावतात. आपल्याकडच्या बऱ्याच फॉरेक्स कार्डांवर कोरुना भरताच येत नाही. मग युरोतून कोरुनात जाताना प्रत्येक व्यवहारावर जादा आकार बसतो. बँकेला आधी विचारा आणि ज्या कार्डावर हा आकार कमी तेच वापरा.

एटीएमवर किंवा दुकानातल्या मशीनवर ‘रुपयांत घ्यायचे की कोरुनात’ असा प्रश्न आला की नेहमी कोरुना निवडा. रुपयांतला आकडा ओळखीचा दिसतो म्हणून बोट तिकडे जातं. पण त्या आकड्यात मशीनवाल्याचा स्वतःचा दर असतो आणि तो महागच पडतो. पैसे बँकेच्या शाखेच्या भिंतीतल्या एटीएममधून काढा. चौकात आणि स्मरणवस्तूंच्या दुकानांजवळ एकटी उभी असणारी मशीन टाळा.

रोख बदलायचीच असेल तर ‘कमिशन शून्य’ या पाटीला भुलू नका. काउंटरवर विचारा: माझ्या १०० युरोंचे हातात नक्की किती कोरुना येतील? आकडा लिहून घ्या, मगच नोट पुढे करा. तरी फसलात तर २०१९ पासून कायदा तुमच्या बाजूने आहे: १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. त्यामुळे पावती फेकू नका. रस्त्यात कुणी ‘चांगला दर देतो’ म्हणत जवळ आला तर थांबूच नका. तो हातात परक्या देशाच्या कमी किमतीच्या नोटा ठेवतो. १० आणि २० कोरुनांची नाणी मात्र खिशात असू द्या, सार्वजनिक स्वच्छतागृहांना लागतात.

फिरणं

विमानतळाहून ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस ‘नाद्राझी व्हेलेस्लावीन’ला जाते, तिथून हिरव्या ए मार्गाची मेट्रो थेट जुन्या शहरात. सगळे मिळून पाऊण तास धरा. तिकिटं ठिकाणानुसार नाही, वेळेनुसार असतात: ३० मिनिटं, ९० मिनिटं, २४ तास, ७२ तास. अडीच दिवसांसाठी विमानतळावरच ७२ तासांचं घ्या. मेट्रो, ट्राम, बस सगळ्यांत तेच चालतं.

चूक पुढे होते. मेट्रोला फाटक नाही, त्यामुळे माणूस कागदी तिकीट खिशात ठेवून सरळ आत जातो. ते सुरुवातीला एकदा पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते, नाहीतर हातात तिकीट असूनही तुम्ही विनातिकीट. साध्या कपड्यातले तपासनीस पर्यटकांच्या मार्गांवर हमखास असतात आणि दंड भरपूर आहे. शिक्का एकदाच मारायचा. दुसऱ्यांदा मारला तर तिकीट बाद होतं. ट्राममध्ये बँक कार्ड टेकवून घेतलेल्या तिकिटाला शिक्का लागत नाही.

रस्ता ओलांडताना एक लक्षात ठेवा. झेब्रा पट्ट्यांवर मोटारी थांबतात, ट्राम थांबत नाही. पहिला हक्क तिचा असतो. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहा.

मुक्काम जुन्या चौकात नको. रात्री गोंगाट, दर चढे, आणि दगडी फरसबंदीवर बॅगेची चाकं मोडतात. व्हिनोहरादी भागात ‘नाम्येस्ती मीरू’ स्थानकाजवळ जागा बघा: मेट्रो ए तिथेच आणि २२ क्रमांकाची ट्रामही. ही ट्राम नॅशनल थिएटरवरून, नदी ओलांडून, थेट गडाच्या वर जाते.

पाट्या वाचायला मराठी माणसाला फार जड जात नाही. ज्या c अक्षरावर टोपी आहे (č) तो ‘चार’मधला ‘च’, बिनटोपीचा तो ‘चमचा’मधला. युरोपातल्या कितीतरी पाहुण्यांना हा फरक शिकावा लागतो, आपल्या तोंडात तो आधीच आहे. दुकानात शिरताना ‘दोब्री देन’ म्हणा, निघताना ‘देकुयी’. आणि बोलताना कुणी ‘नो’ म्हणालं तर नकार समजू नका. झेक बोलीत त्याचा अर्थ ‘हो’ असा आहे.

पहिली दुपार: जुनं शहर

‘मूस्तेक’ला उतरून चालत जुन्या चौकात या. १४१० सालचं खगोलीय घड्याळ सकाळी ९ ते रात्री ११ दर तासाला वाजतं, खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरून जातात आणि मिनिटभरात संपतं. त्या मिनिटात सगळ्यांचे हात मोबाइलसह वर असतात, म्हणून पाकीटमारांचीही तीच वेळ. पिशवी पोटाशी घ्या. खरं बघण्यासारखं आहे ते घड्याळाची तबकडी, आणि ती तास झाल्यावर गर्दी पांगली की निवांत बघता येते. सोनेरी सूर्य कोणत्या राशीत आहे ते तिच्यावर दिसतं, चंद्राचा अर्धा काळा गोळा कला दाखवतो, बाहेरचं कडं सूर्यास्तापासून मोजलेले तास सांगतं. आपल्या पंचांगाशी ताडून बघाल तर रास बऱ्याचदा जुळणार नाही: हे घड्याळ सायन आहे, म्हणजे राशी ऋतूंवरून मोजतं, तिथे सूर्य मेषेत २१ मार्चच्या सुमारास शिरतो, आपल्या निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून केलेल्या, गणनेत १४ एप्रिलच्या आसपास. घड्याळाच्या मनोऱ्यावर लिफ्टने जाता येतं. संध्याकाळच्या उजेडात लाल कौलांचं शहर तिथून बघाच.

दुसरा दिवस: पूल पहाटे, गड वरून खाली

१३५७ साली पायाभरणी झालेला चार्ल्स ब्रिज ५१६ मीटर लांब आहे. दुपारी त्यावर नुसतं ढकललं जायचं असतं, त्यामुळे तीस पुतळ्यांपैकी एकही धड दिसत नाही. सूर्योदयाला तिथे असा: जूनमध्ये पाच, सप्टेंबरमध्ये साडेसहा, डिसेंबरमध्ये आठ.

पूल ओलांडून ‘मालोस्त्रान्स्के नाम्येस्ती’ला २२ ची ट्राम धरा. गड चढून जायची आपल्याला सवय असली तरी हा गड उतरत बघावा. ‘प्राझ्स्की ह्राद’ थांब्यावर बहुतेक जण उतरतात. तुम्ही पुढे ‘पोहोर्झेलेत्स’पर्यंत जा. तिथून स्त्राहोव्ह मठ, मग लोरेता हे तीर्थस्थान, मग गडाचा पश्चिम दरवाजा, अशी सगळी वाट उताराची. आवार सकाळी सहापासून फुकट खुलं असतं, इमारती नऊला उघडतात. पावणेनऊला सुरक्षा तपासणी पार करा, कारण दहानंतर बसगाड्यांतले गट येतात आणि कथीड्रलची रांग चौकभर पसरते.

तिकीट दोन दिवस चालतं, पण प्रत्येक इमारतीत प्रवेश एकदाच. क्रम असा ठेवा: आधी कथीड्रल. १३४४ मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम मध्ये शतकानुशतकं थांबलं आणि १९२९ मध्ये पुरं झालं. आत डावीकडची तिसरी खिडकी चित्रकार अल्फोन्स मुखाची. दक्षिण मनोऱ्याला वेगळं तिकीट आणि २८७ पायऱ्या. गुडघे कुरकुरत असतील तर खुशाल सोडा. मग जुना राजवाडा: व्लादिस्लाव्ह दालनात घोड्यावरच्या झुंजी होत, म्हणून जिनाही घोडे चढतील इतका रुंद आहे. १६१८ मध्ये राजाच्या अधिकाऱ्यांना इथल्याच खिडकीतून खाली फेकलं गेलं. ते वाचले, पण तीस वर्षांच्या युद्धाची ती सुरुवात ठरली. सेंट जॉर्ज बॅसिलिका लवकर होते. शेवटी सोनेरी गल्ली. तिथल्या २२ नंबरच्या निळ्या घरात १९१६-१७ मध्ये लेखक फ्रान्झ काफ्का लिहायला बसत. पूर्व दरवाजातून बाहेर पडून जुन्या पायऱ्या उतरलात की खाली ‘मालोस्त्रान्स्का’ मेट्रो.

खाणं

शाकाहारी असाल तर ‘बेझ मासा’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणणं पुरत नाही. बटाट्याच्या किंवा लसणाच्या सूपचं पाणीच बऱ्याचदा मांसाचं असतं. ते वेगळं विचारा. ‘स्माझेनी सीर’ म्हणजे तळलेलं चीज आणि सोबत बटाटे, हे सगळीकडे मिळतं. ‘ब्रांबोराक’ हे बटाट्याचं थालीपीठच, लसूण घातलेलं, पण त्यात अंडं असतं. फळांचे गोड क्नेदलीकी, म्हणजे आत फळ भरून उकडलेले पिठाचे गोळे, पोटभरीचे होतात. अंडं चालत नसेल तर तेही विचारूनच घ्या. स्वस्त आणि ताजं जेवण म्हणजे कामाच्या दिवशीचं ‘पोलेद्नी मेनू’, म्हणजे दुपारच्या जेवणाचा मेनू, साधारण ११ ते २. टेबलावर आधीच ठेवलेल्या पावाचे पैसे लागू शकतात. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

तिसरा दिवस

सकाळी योसेफोव्ह. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार ज्यू माणसांची नावं हातांनी लिहिलेली आहेत. इथे घाई करू नका. एक भिंत तरी नावं वाचत चाला. पुरुषांनी डोकं झाकावं. दुपारी लाल सी मार्गाने ‘व्हिशेह्राद’: तटावरून नदीचं वळण दिसतं, दफनभूमीत द्वोर्झाक आणि स्मेताना या झेक संगीतकारांच्या कबरी आहेत, आणि गर्दी जवळजवळ नसते.

परतीला व्हेलेस्लावीनहून तीच ५९. टर्मिनल १ शेंगेनबाहेरच्या विमानांसाठी, २ शेंगेनमधल्या. आखातमार्गे घरी येणाऱ्यांनी १ ला उतरायचं.