घरचा आहेर द्यायचा कसा

मे महिना संपत आला होता. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आम्ही घरोघर फिरत होतो. सरकारी मराठी प्राथमिक शाळांचा पट घटत चाललेला, म्हणून पहिलीसाठी मुलं मिळवायची होती. एका अंगणात एक आई सोलं वाळत घालत होती. आमचं सगळं बोलणं तिने ऐकून घेतलं, लाल झालेले हात पदराला पुसले आणि विचारलं, "बाई, तुमच्या अध्यक्षाचो नातू खंयच्या शाळेंत वता?"

नातू इंग्रजी माध्यमात जातो हे गावभर ठाऊक होतं. मी गप्प राहिले. पायरी उतरताना सोबतचा तरुण कार्यकर्ता म्हणाला, "पुढच्या घरी तुम्हीच बोला, मला नाही जमणार." उरलेली सात घरं न करताच आम्ही परतलो.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, मराठी राजभाषेच्या चळवळीत तालुका समितीवर आहे. त्या दिवसानंतर वर्षभरात मी जे केलं त्यातलं काही चुकलं, काही साधलं. आपल्याच माणसांवर जाहीर बोलायची वेळ ज्याच्यावर येईल, त्याच्यासाठी ते लिहिते आहे. अशा टीकेला वर्तमानपत्रं 'घरचा आहेर' म्हणतात, तेही खवचटपणे. मला तो शब्द सरळ अर्थानेच पटतो. आहेर मांडवात येऊन देतात, वहीत नाव लिहवून देतात, आणि दिल्यावर माणूस पंगतीला बसतो.

आधी आत बोला, पण लिहून द्या. मी बैठकीत तोंडी विषय काढला तेव्हा "ही वेळ नव्हे, बाई" एवढंच उत्तर मिळालं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. इतिवृत्ताची वही उघडून पाहिली, तर माझ्या बोलण्याची ओळसुद्धा नव्हती. 'इतर विषयांवर चर्चा होऊन चहापानानंतर सभा संपली.' मग अर्ज लिहिला, दोन प्रती काढल्या आणि एकीवर सचिवांची सही व तारीख घेतली. नंतर "आधी आम्हाला का नाही सांगितलंत?" असं भर सभेत विचारलं गेलं, तेव्हा तोच कागद कामाला आला. लेखी दिल्यावर दोन बैठका वाट पाहावी असं मला वाटतं. समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र हा विषय टाकू नका. स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरतो आणि मागचा-पुढचा संदर्भ गळून पडलेला असतो.

"विरोधकांच्या हाती कोलीत देता" हे तुम्हाला ऐकावं लागेलच. विरोधकांना ते आधीच ठाऊक असतं. सोलं वाळवणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं. ठाऊक नसल्याचं सोंग फक्त आपल्या बैठकीत चालतं. आणि तुंबलेलं कुठून तरी फुटतंच. 1979च्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांचं सरकार पडलं, ते त्यांच्याच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, म्हणजे मगोच्या, आमदारांनी विधानसभेत साथ सोडल्यामुळे.

याच्या उलटही आपल्याच घरात घडलं आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावर 16 जानेवारी 1967ला जनमत कौल झाला. त्यात विलीनीकरणाचं फूल 34,021 मतांनी हरलं, वेगळ्या गोव्याची दोन पानं जिंकली. माझे वडील फुलाचे. शेजारचे काका मगोचे पक्के, पण कौलाच्या आधीच आमच्या ओसरीवर येऊन त्यांनी बाबांना तोंडावर सांगितलं की मी या वेळी दोन पानांवर शिक्का मारणार, मार्चच्या निवडणुकीत मात्र मगोच्या सिंहावरच. मी तेव्हा आठ वर्षांची होते. बाबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मार्चच्या निवडणुकीत दोघं एकाच बैलगाडीतून प्रचाराला गेले आणि मगोचे भाऊसाहेब बांदोडकर यांचं सरकार पुन्हा आलं. काकांना फितूर म्हटलेलं मी बाबांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. त्यांनी जे केलं ते सांगून केलं होतं.

आता वर्तमानपत्राला पाठवलेल्या पत्राविषयी. माझा पहिला मसुदा दोन पानी आणि फार संतापाचा होता. माझ्या थोरल्या भावाने तो वाचला आणि विचारलं, "तुझ्या नातीचं काय?" माझी नात पर्वरीला इंग्रजी माध्यमातच जाते. मुलीशी मी वाद घातला, हरले, आणि मसुद्यात ते लिहिलंच नव्हतं. मी कागद फाडला. नव्या पत्राचं पहिलं वाक्य होतं, 'माझी स्वतःची नात इंग्रजी शाळेत शिकते आणि मी तालुक्यातल्या आयांना मराठी शाळा सुचवत फिरते.' त्यानंतरची प्रत्येक ओळ लिहिणं सोपं गेलं, कारण बोट आधी माझ्याकडेच होतं. तुमच्या पत्रात असं वाक्य सापडत नसेल तर थोडं आणखी शोधा.

अध्यक्षांचं नाव घातलं नाही, नातवाचा तर उल्लेखही नाही. लहान मुलाला मोठ्यांच्या भांडणात ओढायचं नाही, यावर मी तडजोड करणार नाही. मागणी एकच ठेवली, की प्रत्येक पदाधिकाऱ्याने आपल्या घरची मुलं कुठल्या माध्यमात शिकतात ते सभेत सांगावं. 1987च्या राजभाषा कायद्यात मराठीचा वापर करता येईल असं आहे, पण राजभाषेचा दर्जा नाही. त्यासाठी आमची समिती कशी लढते, याबद्दलही माझे मतभेद आहेत. ते या पत्रात घुसडले नाहीत. एका पत्रात एकच दुखणं असावं.

पाठवण्याच्या आदल्या रात्री अध्यक्षांना फोन लावला आणि पत्र शब्दन् शब्द वाचून दाखवलं. मला वाटतं, सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत आवश्यक काम हेच. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दुसऱ्या परिच्छेदात 'ढोंग' आहे, तो शब्द काढा." मी काढला. बाकी काही काढलं नाही.

किंमत आधीच मोजून ठेवा. 2016च्या ऑगस्टमध्ये, याच माध्यमाच्या प्रश्नावर भाजप सरकारवर उघड टीका करणारे सुभाष वेलिंगकर यांना संघाच्या गोवा विभागाच्या संघचालकपदावरून दूर करण्यात आलं. माझं सहखजिनदारपद म्हणजे एक कपाट आणि चार पावतीपुस्तकं, तरीही ते जाताना मला रडू आलं. एकाने मला सूर्याजी पिसाळ म्हटलं. तीस वर्षांच्या ओळखीचा माणूस होता.

पत्र रविवारी छापून आलं. संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात बैठक होती. मी नेहमीप्रमाणे अर्धा तास आधी गेले, केर काढला, जाजम अंथरलं. तुम्हीही जा. त्या दिवशी घरी राहिलात तर तुमच्या पत्राचा अर्थ तुमच्या गैरहजेरीतून लावला जाईल.

मागणी पूर्ण मान्य झाली नाही. सहा पदाधिकाऱ्यांनी सांगितलं, दोघं समिती सोडून गेले. अध्यक्षांचा नातू आहे त्याच शाळेत आहे. पण पुढच्या मे महिन्यात ते स्वतः माझ्याबरोबर फिरायला आले. दारात उभं राहून आम्ही आधी आपापल्या नातवंडांची शाळा सांगायचो, मग बसायला पाट यायचा, आणि मग मराठी शाळेचं बोलणं सुरू व्हायचं. सोलं वाळवणाऱ्या बाईकडेही गेलो. तिने दोघांना पाणी दिलं आणि अध्यक्षांना विचारलं, "मागीर तुमी तेका मराठी घरा शिकयतात?"