व्हिममध्ये विभाग वेचण्याआधी रजिस्टर रिकामे करा

माझ्या पहिल्या नोकरीत, अ‍ॅप्लिकेशन सपोर्टच्या रात्रपाळीत, फसलेल्या व्यवहारांची यादी पहाटे पाठवण्याचे काम माझ्याकडे होते. लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींच्या फाइलमध्ये, प्रत्येक व्यवहाराच्या सहा ओळी असत. पहिलीत ‘स्टार्ट’, शेवटचीत ‘एन्ड’ आणि व्यवहार फसला असेल तर मध्ये कुठेतरी ‘फेल्ड’. असे विभाग व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये एकाच कमांडने वेचता येतात:

:जी/फेल्ड/?स्टार्ट?,/एन्ड/वाय ए

टाइप करताना अक्षरे रोमन असतात आणि शेवटचा ‘ए’ कॅपिटल असतो. ‘जी’ ‘फेल्ड’च्या प्रत्येक ओळीवर जाते, प्रश्नचिन्हांमधला शोध तिथून वर आणि स्लॅशमधला खाली जातो, आणि सापडलेला विभाग ‘ए’ रजिस्टरमध्ये, म्हणजे मजकूर ठेवण्याच्या ‘ए’ नावाच्या कप्प्यात, जमा होतो. स्मॉल ‘ए’ दिला तर प्रत्येक नवा विभाग आधीचा पुसतो आणि हाती फक्त अखेरचा उरतो. एवढे मला सांगण्यात आले होते.

कॅपिटल ‘ए’ आधीच्या मजकुराला नवा मजकूर जोडतो, आणि तो आधीचा मजकूर कालचाही असू शकतो, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. एका पहाटे सहा व्यवहार फसले असताना मी चौदा कळवले, कारण वरचे आठ आदल्या रात्रीचे होते. व्हिम बंद करून पुन्हा उघडल्यावर रजिस्टर कोरे असणार, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात व्हिम बंद होताना रजिस्टरे विमइन्फो फाइलमध्ये लिहून ठेवतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक रजिस्टरच्या पहिल्या ५० ओळींपर्यंतचाच मजकूर जपला जातो. आठ विभागांच्या ४८ ओळी होत्या, म्हणून त्या टिकल्या. नऊ विभाग असते तर ५४ पैकी पहिल्या ५० ओळी टिकल्या असत्या आणि नववा विभाग अर्धवट उरला असता.

तेव्हा कमांड देण्याआधी नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे अक्षरे टाइप न होता कमांड म्हणून चालतात त्या अवस्थेत, क्यू, ए, क्यू ही अक्षरे दाबा. त्याने ‘ए’ रजिस्टर रिकामे होते. मग ‘:रेग ए’ देऊन ते खरोखर रिकामे असल्याचे डोळ्यांनी पाहा. ही पायरी कितीही घाई असली तरी गाळू नका. कमांड कुठे चुकते हे न सांगता ती नुसती चॅटवर पाठवणाऱ्या वरिष्ठांवर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. ‘जी’ कमांडची व्हिममधली माहिती, ‘:हेल्प :ग्लोबल’, वाचायला अर्धा तास पुरतो.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. ‘वाय’ नुसती नक्कल करतो, त्याने मूळ लॉगला धक्का लागत नाही, आणि चुकून ओळी खोडणारे ‘डी’ दिले गेले तरी ‘यू’ने सारे परत येते. जमा झालेला मजकूर नव्या फाइलमध्ये टाकून ‘स्टार्ट’च्या ओळी मोजाव्यात आणि त्यांची संख्या मूळ लॉगमधल्या ‘फेल्ड’च्या ओळींशी जुळते का, ते पाहावे. संख्या जुळली तरी विभागांवरून एकदा नजर फिरवा, कारण एका व्यवहारात ‘फेल्ड’ दोनदा आले असेल तर तोच विभाग दोनदा उचलला जातो.